डॅन्यूबवरून तुला पत्र

बाळा,

काल फोनवर धड बोलणं झालंच नाही, बोटीवर नेट सारखं जात होतं. आता बाबा झोपलेत, म्हणून निवांत लिहितेय.

काल सकाळी ऑस्ट्रियात मेल्कला उतरलो. टेकडीवर भलामोठा पिवळा मठ आहे, 1089 पासून तिथे बेनेडिक्टाइन साधू राहतायत, आत्ताची इमारत मात्र 1702 ते 1736 मधली. सगळे सोन्याने मढवलेलं चर्च बघायला पुढे गेले, मी लायब्ररीतच रेंगाळले. मठाची शाळा आजही चालते हे ऐकून फार बरं वाटलं.

पण दिवस खरा दुपारी सुरू झाला. जेवून वरच्या डेकवर बसलो आणि बोट वाखाऊच्या खोऱ्यात शिरली. मेल्क ते क्रेम्स जेमतेम 35 किलोमीटर असेल, पण डावीकडचे डोंगर नुसते पायऱ्या पायऱ्यांचे, प्रत्येक पायरीवर द्राक्षं आणि प्रत्येक पायरीला दगडाची भिंत. मी बाबांना म्हटलं, अहो हा आपला गडगाच की! गाईड मुलीला विचारलं तर म्हणाली, सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड, पावसाचं पाणी फटींतून निघून जातं म्हणून भिंत ढासळत नाही, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री वेलींना ऊब देतो. पाण्याचं तर तुझे आजोबा अगदी असंच सांगायचे रे.

पुढे श्पिट्झ गावापाशी एक तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी दिसली, गाड्यासुद्धा पलीकडे नेते आणि तिला इंजिन नाही! नदीवर उंच आडवी तार बांधलीय, होडी तिला अडकवलेली, सुकाणू वळवून ती प्रवाहाला तिरकी धरली की पाणीच तिला पलीकडे ढकलतं. बाबा लहानपणी तरीनेच खाडी ओलांडून शाळेत जायचे ना, ते उठून कठड्यापाशी जाऊन उभेच राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत.

संध्याकाळी ड्यूर्नश्टाइन. वर पडका किल्ला आहे, इंग्लंडच्या रिचर्ड राजाला 1192 च्या डिसेंबरात पकडल्यावर इथेच कोंडलेला. बाबांच्या गुडघ्यामुळे आम्ही वर चढलो नाही, खाली गल्लीतल्या छोट्या हॉटेलात बसलो. तिथे मारिलेनक्नोडेल खाल्ले. मारिले म्हणजे जर्दाळू, ताजे, सध्या सीझन आहे त्यामुळे जिकडे तिकडे टोपल्या भरभरून. चक्क्यासारख्या चीजच्या पिठाची पारी, आत अख्खा जर्दाळू, पाण्यात उकडायचं आणि मग लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचं. पारी फोडली की आंबटगोड रस बाहेर येतो. मला एकदम गणपतीतलं आपलं स्वयंपाकघर आठवलं, तू मोदकाचं नाक आधी खायचास ते. बाबांनी तिथली पांढरी वाईन घेतली, ग्रूनर फेल्टलिनर, आणि त्याच गडग्यांवरची द्राक्षं म्हणून चवीचवीने प्यायले. घरी चक्का आणि रवा घेऊन करून बघणारे मी, जर्दाळू नाही मिळाले तर आलुबुखार घालू.

रात्री केबिनमध्ये बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आपला वरच्या बागेकडचा गडगा दोन पावसाळे पडलाय. तू मे महिन्यात चार दिवस रजा काढून ये. दगड तिथेच पडलेत सगळे, आणि कसे बसवायचे ते बाबांना येतं, त्यांना होतंय तोवर तुला दाखवू देत.

जेवत जा वेळेवर.

तुझी
आई