पॅथॉलॉजीच्या जागा वाढतील, पण शेजारी बसून शिकवणार कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत वैद्यकीय शिक्षणाच्या ७५ हजार जागा वाढवण्याची घोषणा झाली. त्याआधी, ऑक्टोबर २०२४मध्ये, गडचिरोली, हिंगोली, वाशीम, अंबरनाथ अशा दहा ठिकाणच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. पंगत वाढली, याचा आनंदच आहे. पण वाढपी तेवढेच राहिले तर काय होते, हे मला पॅथॉलॉजीपुरते सांगायचे आहे. माझी सारी नोकरी हा विषय शिकवण्यात गेली.

पॅथॉलॉजी म्हटले की लोकांपुढे रक्त तपासणारी लॅब उभी राहते. एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरचा दिवस मात्र बहुधा ग्रॉसिंगच्या टेबलावर सुरू होतो. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणातून बाहेर काढायचा, मोजायचा, कापायचा आणि कोणते तुकडे पुढे ब्लॉकसाठी, म्हणजे मेणात बसवून स्लाइडसाठी पातळ काप काढायला, द्यायचे ते ठरवायचे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात चरबी चाचपून किमान १२ लसिका ग्रंथी शोधाव्यात, असा सर्वमान्य दंडक आहे. कंटाळलेल्या मुलाने पाचावर हात थांबवले आणि बाधित ग्रंथी बादलीतच राहिली, तर तिसऱ्या टप्प्याचा रुग्ण कागदावर दुसऱ्या टप्प्याचा ठरतो आणि त्याची केमोथेरपी टळू शकते. नंतर स्लाइड कितीही मोठ्या तज्ज्ञाने पाहिली तरी उपयोग नाही, कारण ती ग्रंथी स्लाइडवर आलेलीच नसते.

स्तनाच्या कर्करोगाचेही तसेच. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि तिथे ती ६ ते ७२ तास राहावी, तर पुढच्या हॉर्मोन रिसेप्टरच्या, म्हणजे हॉर्मोनरोधक औषध लागू पडेल का हे सांगणाऱ्या, तपासण्या भरवशाच्या होतात. अख्खा स्तन नुसता बुडवून भागत नाही. काप दिल्याशिवाय फॉर्मॅलिन आत पोचत नाही. शनिवारी संध्याकाळी आलेला नमुना सोमवारी उघडायचा की त्याच रात्री, हे बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचा निवासी ठरवतो. त्याला हे कोणी हात धरून दाखवले नसेल, तर ते पुस्तक वाचून सुचणारे नाही.

आज दाखवतो कोण? बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षाचा पहिल्या वर्षाच्याला. प्राध्यापकांची पदे रिकामी, जे आहेत ते बदल्यांच्या आणि महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी होणाऱ्या तपासणीच्या धावपळीत. (शिक्षक एका गावचा आणि तपासणीच्या दिवशी हजर दुसऱ्याच गावी, हा प्रकार या क्षेत्रात कोणाला नवा नाही.) मग दोघांनी एकाच वेळी पाहायच्या मायक्रोस्कोपवर शेजारची खुर्ची रिकामी राहते.

मुलांच्या गुणवत्तेला दोष देणे सोपे आहे. २०२३मध्ये नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा पात्रता निकष शून्य पर्सेंटाइलवर आणला, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येक जण पात्र ठरला, तेव्हा बरीच टीका झाली. रेडिओलॉजी किंवा मेडिसिन हुकले म्हणून नाइलाजाने पॅथॉलॉजीला आलेली मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांतली कित्येक सहा महिन्यांत या विषयात रमली. फक्त त्या सहा महिन्यांत त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेले होते.

शिकवण्याची पद्धत साधीच आहे. निवासी डॉक्टरने स्लाइड आधी एकट्याने पाहायची आणि स्वतःचे निदान लिहून ठेवायचे. मग वरिष्ठांबरोबर तीच स्लाइड पाहायची. दोघांच्या निदानात फरक पडला तर तो का पडला, ते तिथल्या तिथे बोलायचे. प्रत्यक्षात उलटे चालते. वरिष्ठ निदान सांगतात, निवासी टाइप करतो. फ्रोझन सेक्शनला, म्हणजे रुग्ण टेबलावर असताना वीसेक मिनिटांत सर्जनला उत्तर द्यायचे असते तेव्हा, तर त्याला मत विचारलेच जात नाही. लॉगबुक मात्र तुडुंब भरते. परीक्षेतल्या स्लाइड वर्षानुवर्षांच्या त्याच; काही मुले त्या तुकड्याच्या आकारावरून ओळखतात.

परदेशात या शिक्षणाला चार-पाच वर्षे लागतात, हे मुद्दाम सांगतो. अमेरिकेत अॅनॅटॉमिक (अवयव आणि ऊतींची) आणि क्लिनिकल (रक्त, लघवी वगैरेंची) पॅथॉलॉजी मिळून चार वर्षे, ब्रिटनमध्ये एकट्या हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे ऊतींच्या तपासणीला, किमान पाच. आपण तीन वर्षांत हिस्टोपॅथॉलॉजी, सायटोलॉजी (सुट्या पेशींची तपासणी), रक्तविज्ञान, रक्तपेढी आणि प्रबंध एवढे सगळे बसवतो. त्यातले तीन महिने आता जिल्हा रुग्णालयातल्या सेवेचे. मी त्या सेवेच्या विरोधात नाही. नंदुरबारला सिकलसेल आणि गडचिरोलीला मलेरियाची स्लाइड ज्याने रोज पाहिली, तो पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा त्या बाबतीत पुढे जाईल. पण जिथे पॅथॉलॉजिस्टच नाही आणि बायोप्सी बाहेरगावी पाठवतात, तिथे तीन महिने हजेरीशिवाय काय मिळणार?

याचा भार पुढे रुग्णावर पडतो. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे कालचा निवासी आज तालुक्याच्या गावी एकटा सही करू लागतो आणि अडल्यावर विचारायला शेजारी कोणी नसते. चुकीची गोळी दिली तर रुग्ण दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दारात येतो. चुकीच्या निदानाचा अहवाल फाइलमध्ये पडून राहतो आणि पॅथॉलॉजिस्टला त्याचा पत्ताही लागत नाही.

केईएमशी संलग्न सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात आणि पुढे टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी या विषयाचा पाया घातला. तो वारसा सांगणाऱ्या राज्यात नव्या जागा मंजूर करताना खाटा आणि खोल्यांच्या मोजमापाबरोबर आणखी एक गोष्ट तपासावी, एवढेच माझे म्हणणे आहे. तपासणी पथकाने कोणत्याही एका निवासी डॉक्टरला बोलवावे, गेल्या महिन्यातल्या दहा केसेस निवडाव्यात आणि त्याने आधी लिहिलेले निदान व अंतिम अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. आधी लिहिलेले निदान कुठेच सापडले नाही, तर त्या विभागाच्या जागा वाढवू नयेत.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजी प्राध्यापक, मिरज