‘ताजा भाव’ कोणत्या ओळीतून उचलला, तेही छापा

महोदय,

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे बागायतदार नागपूरच्या कळमना बाजारात माल आणण्याआधी भावांचे तक्ते पाहतात. हे तक्ते आता मोबाइलवर फिरतात आणि त्यांत प्रत्येक बाजार समितीपुढे एकच ‘ताजा’ भाव दिलेला असतो. मूळ नोंदींत मात्र प्रत्येक समितीच्या, प्रत्येक जातीच्या आणि प्रत्येक दिवसाच्या वेगळ्या ओळी असतात. म्हणजेच कोणीतरी समिती आणि जात यांच्या प्रत्येक गटातली एक ओळ ठेवून बाकीच्या वगळलेल्या असतात. ही निवड चुकली तरी तक्ता नीटनेटकाच दिसतो, म्हणून संख्याशास्त्राचा शिक्षक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

गटातली ‘पहिली’ ओळ कोणती, हे क्रम सांगितल्याशिवाय ठरतच नाही. डेटाबेसमधल्या तक्त्याला स्वतःचा क्रम नसतो. ‘ऑर्डर बाय’ ही क्रम ठरवणारी आज्ञा न लिहिता मागवलेल्या ओळी आज एका क्रमाने आल्या तर उद्या दुसऱ्या क्रमाने येऊ शकतात. एक्सेलचे ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ वरून पहिली सापडलेली ओळ ठेवते, त्यामुळे आधी तारखेनुसार उतरती क्रमवारी लावलेली नसेल तर जुनाच भाव शिल्लक राहतो. तारखा मजकूर म्हणून भरलेल्या असतील तर क्रमवारी लावूनही उपयोग होत नाही, कारण अक्षरांच्या हिशेबात ‘३१/०१’ हे ‘२८/०२’ च्या पुढचे ठरते आणि फेब्रुवारी संपला तरी जानेवारीचा भाव ताजा म्हणून झळकतो.

याहून घातक चूक पायथन या संगणकभाषेच्या पांडाज लायब्ररीत, म्हणजे तक्ते हाताळणाऱ्या तयार आज्ञांच्या संचात, सहज होते. तिथे गट पाडणाऱ्या ‘ग्रुपबाय’ नंतर ‘फर्स्ट’ लिहिले की पहिली ओळ मिळते, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ते प्रत्येक रकान्यातली पहिली न-रिकामी किंमत उचलते. समजा, आजच्या ओळीत किमान दर क्विंटलला २,५०० रुपये आणि कमाल दर ३,५०० रुपये आहे, सर्वसाधारण दराचा रकाना रिकामा राहिला आहे आणि कालच्या ओळीत तो २,२०० होता. निकालात तिन्ही आकडे एकाच ओळीत येतील आणि सर्वसाधारण दर किमान दरापेक्षाही कमी दिसेल. असा भाव कोणत्याच दिवशी निघालेला नसतो. अखंड ओळ हवी असेल तर आधी क्रमवारी लावून गटाची वरची ओळ जशीच्या तशी देणारे ‘हेड’ किंवा ‘ड्रॉप डुप्लिकेट्स’ वापरावे. रिकामा रकाना रिकामाच दिसू द्यावा. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांतही ‘ग्रुप बाय’ या गट पाडणाऱ्या आज्ञेत न लिहिलेले रकाने गटातल्या कोणत्याही ओळीतून येत असत. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून अशी आज्ञा सहसा नाकारली जाते, हे बरे झाले.

आता वेगाविषयी. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीसाठी वरच्या सगळ्या ओळी तपासणारे ‘काउंटइफ’चे (जुळणाऱ्या नोंदी मोजणारे) सूत्र सर्रास लावले जाते. एक लाख ओळींना त्यात सुमारे ५०० कोटी तुलना होतात आणि संगणक अडकून बसतो. तोच तक्ता समिती, जात आणि उतरत्या तारखेने लावला, तर प्रत्येक ओळीची समिती आणि जात फक्त लगतच्या वरच्या ओळीशी ताडून पाहिली की काम होते. डेटाबेसमध्ये हेच काम ओळींना क्रमांक देणारे ‘रो नंबर’ आणि गट पाडणारे ‘पार्टिशन बाय’ करतात. ‘विंडो फंक्शन्स’ नावाची ही सोय एसक्यूएल या डेटाबेसच्या आज्ञाभाषेच्या २००३ च्या मानकात आली, पण मायएसक्यूएलमध्ये ती २०१८ च्या ८.० आवृत्तीत मिळाली, त्यामुळे जुन्या प्रणाली चालवणाऱ्या कार्यालयांत अजूनही आडवळणाच्या पद्धती दिसतात. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत त्यासाठी प्रत्येक गटाची पहिली ओळ ठेवणारे ‘डिस्टिंक्ट ऑन’ आहे. समिती, जात आणि तारीख या क्रमाने इंडेक्स, म्हणजे आधीच लावून ठेवलेली शोधसूची, असेल तर क्रमवारी नव्याने लावावी लागत नाही. राज्यात बाजार समित्या तीनशेहून थोड्याच अधिक आहेत आणि नोंदी मात्र वर्षानुवर्षे साचत जातात. अशा वेळी समिती आणि जात यांच्या जोड्यांची छोटी यादी वेगळी ठेवून प्रत्येक जोडीसाठी इंडेक्समधली सर्वांत वरची ओळ तेवढी उचलणे सर्वांत जलद ठरते, कारण बाकीच्या लाखो ओळींना हातच लावावा लागत नाही.

एकाच दिवशी एकाच जातीच्या दोन नोंदी झाल्या, म्हणजे सकाळची आणि नंतर दुरुस्त केलेली, तर तारीख पुरेशी पडत नाही. तिथे नोंद क्रमांकाचा दुसरा निकष लावावाच लागतो, नाहीतर एकाच माहितीवरून दोन वेळा काढलेले तक्ते परस्परांशी जुळत नाहीत.

भावांचे तक्ते प्रसृत करणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की, प्रत्येक भावापुढे त्याची मूळ तारीख छापावी आणि एका दिवसाच्या दोन नोंदींपैकी कोणती घेतली, हे तक्त्याच्या तळाशी एका वाक्यात लिहावे. शहरातल्या संगणक वर्गांनीही ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ शिकवताना त्याआधीची क्रमवारी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.

— संख्याशास्त्राचा एक शिक्षक, धंतोली, नागपूर