आलिशान क्रूझच्या जाहिरातीत काय छापत नाहीत

संपादक महोदय,

आलिशान क्रूझ कंपन्या प्रवाशांच्या अपेक्षांना उतरतात का, या प्रश्नावर बोलणे निघाले की गाडी लगेच जेवणावर आणि नोकरांच्या अदबीवर जाते. मासा कोरडा होता, वाइन दुय्यम होती, बटलर दोनदा बोलावल्यावर आला. तक्रारी खऱ्या असतील, पण किरकोळ आहेत. स्वयंपाकघर, चादरी, सेवकवर्ग हे सगळे कंपनीच्या हातातले असते आणि वरच्या दर्जाच्या कंपन्या ते बहुतेक वेळा चोख सांभाळतात. घोडे पेंड खाते ते बंदरात, भर समुद्रात आणि कराराच्या बारीक अक्षरांत. यातले पुष्कळसे पैसे भरण्याआधी तपासता येते, म्हणून हे पत्र.

‘लक्झरी’ या शब्दाला जहाजधंद्यात कायदेशीर व्याख्या नाही. त्यामुळे विशेषणे बाजूला ठेवून आधी एक भागाकार करावा. वर जहाजाचे ग्रॉस टनेज (हे वजन नसते, जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा असतो) आणि खाली एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने होणारी प्रवासीसंख्या. २०२४ मध्ये प्रवाशांना घेऊन निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनांचे आणि ५,६१० प्रवाशांचे आहे. माणशी ४४ आले. २०१६ चे ‘सेव्हन सीज एक्सप्लोरर’ जेमतेम ५५,००० टनांचे, पण प्रवासी ७५०, माणशी ७३. ‘क्रिस्टल सेरेनिटी’चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. नव्या मालकांनी २०२३ मध्ये ते पुन्हा पाण्यात उतरवले तेव्हा केबिन मोठ्या करून प्रवासी ९८० वरून ७४० वर आणले. सांगाडा तोच, ६८,८७० टनांचा; माणशी जागा मात्र ७० वरून ९३ वर गेली. रांगा, गर्दी, जेवणघरात टेबल मिळणे न मिळणे हे सगळे या एका आकड्यात दडलेले असते. दोन गोष्टी मात्र त्यात दिसत नाहीत. एखाद्या कंपनीने आपल्या दोनशे माणसांच्या संमेलनासाठी त्याच सफरीत केबिन घेतल्या असतील, तर सातशेच्या जहाजावर संध्याकाळची दालने त्यांचीच होतात. आणि सुक्या गोदीतून (जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करतात ती जागा) नुकत्याच बाहेर पडलेल्या जहाजावर पहिल्या सफरीला सुतार आणि रंगारी अजून कामावर असू शकतात. या दोन्हींची चौकशी नावानिशी करावी लागते, आपण होऊन कोणी सांगत नाही.

आता बंदरे. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ असते, जहाज लागते चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, साधारण नव्वद किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, दोनशे. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, दोनशेहून अधिक. ‘बँकॉक’ बहुधा लाएम चाबांग निघते, तिथून शहर दोन तासांवर. यात कंपनीने खोटे काही छापलेले नसते, कारण बंदराचे खरे नाव पुढे लहान अक्षरांत असतेच. पण अपेक्षाभंगाचे बीज इथेच पडते.

रोमचाच दिवस तासांत मांडून पाहू. छापील वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७, म्हणजे बारा तास. सातला जहाज धक्क्याला टेकते. दोर बांधून, शिडी लावून, बंदर अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत साडेसात-पावणेआठ होतात. आठला बस सुटली तर साडेनऊला शहर. परतायची शेवटची वेळ निघण्याच्या निदान अर्धा तास आधीची, म्हणजे साडेसहा. वाहतुकीचा भरवसा नाही म्हणून एक तास हाताशी ठेवून बस साडेपाचला पोचेल असे आखतात, तेव्हा रोममधून चारला निघणे आले. बारा तासांचे उरले साडेसहा, त्यातच जेवण. जहाजाच्या बसने गेलात आणि ती रखडली, तर जहाज थांबते किंवा कंपनी पुढची व्यवस्था करते. स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जाते. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. ‘सहली समाविष्ट’ या दोन शब्दांची खरी किंमत हीच. मात्र त्या समाविष्ट सहली बहुधा चाळीस जणांच्या बसच्या असतात आणि छोट्या गटाच्या सहलींना वेगळे पैसे पडतात, हे आधी विचारून घ्यावे.

लहान जहाजाचा खरा फायदा इथे कळतो. ग्वादलकिविर नदीतून थेट सेव्हिलपर्यंत किंवा टेम्स नदीतून टॉवर ब्रिजपाशी लहान जहाजे जातात, मोठी जाऊच शकत नाहीत. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून, म्हणजे सान मार्कोच्या चौकासमोरच्या वाटेने, जायला बंदी आहे. म्हणजे वर उल्लेख केलेले माणशी ७३ चे ऐसपैस जहाजही त्या बंदीत सापडते. सान मार्कोच्या चौकासमोरून डौलात जाणाऱ्या जहाजाचा फोटो कुठे दिसला, तर तो कोणत्या सालचा आहे ते विचारावे.

काही थांबे निव्वळ कायद्यामुळे असतात. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतायचे असेल, तर वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. सिअॅटलहून अलास्काला जाणारी जहाजे परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचे काही तास थांबतात ती बहुतांशी यासाठी. पत्रिकेत तो पूर्ण दिवसाच्या बंदराइतक्याच ठळक अक्षरांत असतो. अंटार्क्टिकात तर प्रवासीसंख्येवरच सगळे ठरते. तिथल्या सफर-व्यावसायिकांच्या संघटनेचा, ‘आयाटो’चा नियम असा की एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नकोत, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचे नाही. दोनशे प्रवाशांचे जहाज असेल तर दोन पाळ्या होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ निम्मा. सहाशेचे असेल तर कितीही आलिशान असो, पेंग्विन दुर्बिणीतूनच पाहायचे.

जिथे धक्का नाही तिथे जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवासी टेंडर बोटीने किनाऱ्याला जातात. पत्रिकेत अशा बंदरापुढे नांगराचे चिन्ह किंवा ‘टेंडर’ हा शब्द असतो; तो दिसला की त्या दिवशीचा बेत कच्चा धरावा. उतरण्याची जागा जहाजाच्या कुशीत, पाण्यापासून थोडी वर असते. जहाज जवळजवळ स्थिर, पण बोट लाटेबरोबर गुडघाभर खाली जाते आणि वर येते. दोन्ही बाजूंनी दोन खलाशी प्रवाशाचे कोपर धरतात, बोट वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा ‘आता’ म्हणतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचे असते. लाट वाढली की हा क्षण सापडेनासा होतो आणि कप्तान बोटी बंद करतो. तो बरोबरच करतो. जहाजाला स्टॅबिलायझर आहेत ना, असे काही जण विचारतात. ते पाण्याखालचे पंख जहाज चालत असताना त्यांवरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर काम करतात. नांगरलेल्या जहाजावर त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय ते डावी-उजवीकडचे डोलणे कमी करतात, पुढून-मागून होणारी उचल-आपट नाही.

यावरून केबिनकडे येतो, कारण गंमत अशी की सर्वांत महागडे सूट बऱ्याचदा सर्वांत वरच्या डेकवर, पुढच्या किंवा मागच्या टोकाला असतात, आणि हेलकावा सर्वांत जास्त तिथेच जाणवतो. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखे आहे: टोके वरखाली होतात, मध्य जागेवर राहतो. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी मधली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, स्वस्त असली तरी. डेकचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघावे. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, वर स्वयंपाकघर असेल तर ढकलगाड्यांचा, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोलाचा. अगदी पुढच्या खालच्या केबिनखाली बो थ्रस्टर, म्हणजे धक्क्याला लागताना जहाज आडवे सरकवणारे पंखे असतात. पहाटे सहाला पत्र्याच्या पिंपात खडी ढवळल्यासारखे जाग येते. मागच्या टोकाला वेग वाढला की पाण्याच्या पेल्यात कंप दिसतो. क्षेत्रफळाचा आकडा बाल्कनी धरून आहे का, हेही विचारावे. ३० चौरस मीटरपैकी सहा बाल्कनीचे असतील, तर खोली चोविसाचीच. ‘गॅरंटी’ नावाचे स्वस्त तिकीट म्हणजे प्रकाराची हमी, जागेची नाही. केबिन कुठली ते कंपनी ठरवणार. आणि संडास हवेच्या ओढीवर चालतात. कोणीतरी ओला टिश्यू टाकला की त्याच नळावरच्या शेजारच्या खोल्यांचेही बंद पडतात. हजारो डॉलरच्या सूटला यातून सूट नाही.

यंत्र बिघडले तर? बऱ्याच आधुनिक जहाजांना तळाशी फिरते पॉड, म्हणजे जहाज ढकलणारे पंखे बसवलेले कोश, असतात आणि त्यांतला एक दुखावला की वेग उतरतो. दोन बंदरांत २६० सागरी मैल असतील, तर २० नॉटने (ताशी २० सागरी मैल) तेरा तास लागतात. संध्याकाळी सहाला निघून सकाळी सातला पोचता येते. वेग १६ नॉटवर आला की सव्वासोळा तास, म्हणजे सव्वादहा. एक तर दिवसाचे तीन तास जातात, नाही तर पुढचे बंदर गळते. दुरुस्तीला मोठी सुकी गोदी लागते, ती मागाल तेव्हा मोकळी नसते, म्हणून जहाज काही काळ तसेच चालवतात. आमच्या मते खरी फसवणूक इथे होते. हवामानाला कोणी जबाबदार नाही, पण वेग उतरला आहे हे माहीत असताना जुनीच वेळापत्रके दाखवून तिकिटे विकणे अक्षम्य आहे.

तिकिटाच्या करारात कंपनीला बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार जवळजवळ नेहमी असतो. प्रवाशाला मिळतो तो फार तर त्या बंदराचा न भरलेला कर. अथेन्स करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार मृत्यू, इजा आणि सामान यांविषयी बोलतो, चुकलेल्या बंदराविषयी नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनघरात आग लागून जहाज दिवसचे दिवस वाहत राहिले, त्यानंतर मे २०१३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने प्रवासी हक्कांची सनद काढली. यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा आणि मध्येच संपली तर अंशतः, असे त्यात आहे. सफर रडतखडत पूर्ण झाली तर काय, यावर ती गप्प आहे. युरोपीय संघातल्या किंवा ब्रिटनमधल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या तिकिटाला तिथला पॅकेज-प्रवास कायदा लागू होऊ शकतो. ठरलेले मिळाले नाही तर किमतीत कपात मागता येते आणि कंपनी बुडाली तर पैशाला संरक्षण असते. म्हणजे तीच केबिन कोणाकडून घेतली यावर हक्क बदलतात. बुडण्याची शंका अनाठायी नाही. जानेवारी २०२२ मध्ये मूळ मालक कंपनी कोसळल्यावर ‘क्रिस्टल’ची जहाजे थकलेल्या इंधनबिलापायी बहामात अडकवली गेली, आणि ती त्या वेळची अव्वल समजली जाणारी कंपनी होती. नव्या जहाजाची पहिली सफर घेणाऱ्यांनी ‘एव्हरिमा’ आठवावे: फेब्रुवारी २०२० ला निघायचे ते ऑक्टोबर २०२२ ला निघाले.

स्वच्छतेचे एका वाक्यात सांगण्यासारखे नाही, पण दाखला पुरे. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्था, अचानक तपासणी करते, १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास, आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. २०१३ मध्ये अलास्कातल्या स्कॅग्वे बंदरात एक नावाजलेले लहान आलिशान जहाज ८२ गुणांवर नापास झाले. तपासनीसांच्या नजरेतून सुटावे म्हणून नाशवंत अन्न खलाशांच्या खोल्यांत नेऊन ठेवले होते. दराचा आणि फ्रीजच्या तापमानाचा संबंध असतोच असे नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या पर्यटन पुरवणीत क्रूझच्या जाहिराती आणि लेख येतात. त्यांत बंदराचे खरे नाव, तिथून शहराचे अंतर, धक्का की टेंडर, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष मिळणारे तास, एवढे चार तपशील छापण्याची अट आपण घालावी. ‘रोम’च्या जागी ‘चिविताव्हेक्किया’ बसवायला रकान्यात जागा जास्त लागेल, हे मान्य.

आपले,
जहाज व पर्यटन व्यवसायातील काही वाचक