प्रयागजी सापडला का?

सातारा,
कोजागरी पौर्णिमा

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, कोपऱ्यावर तयार किल्ले आलेत विकायला. मुलांना दोघांना दोन घेऊन टाकू का? म्हणजे भांडणं तरी होणार नाहीत." मी "बघू, सांगतो" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ते मनातून जात नाही. फोनवर एवढं सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

माऊ, दोन घेऊ नकोस. एकही घेऊ नकोस. मी पुढच्या रविवारी येतो आणि येताना पोतं आणतो. किल्ला घरी करू. एकच करू, दोघांत मिळून.

आणि आणखी एक सांगायचं राहिलंय. गेल्या वर्षी दादाकाकाचं बायपास झालं, तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात तू माझ्याजवळ उभी होतीस. काकाला खोलीत आणल्यावर नागपूरहून छोटूकाकाचा फोन आला आणि त्याने पहिलंच विचारलं, "प्रयागजी सापडला का?" दादाने डोळे मिटूनच उत्तर दिलं, "सापडला. जिवंत आहे." तू मला विचारलंस, प्रयागजी कोण? मी तोंड फिरवून खिडकीकडे गेलो. तेव्हा बोलता आलं नसतं. आज सांगतो.

आमचं माची पेठेतलं घर तू पाहिलंयस, पण अंगण बुजल्यावरचं. आमच्या वेळी मागे चांगलं ऐसपैस अंगण होतं आणि मान वर केली की अजिंक्यतारा. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की दप्तर कोनाड्यात फेकायचं आणि अंगणात उतरायचं. खेळणी म्हणून विकत घेतलेली अशी फार नव्हतीच आमच्याकडे. अक्काचे सागरगोटे, दादाचा आरीचा भोवरा, माझ्या गोट्या, छोटूचा सायकलचा जुना टायर. ज्याचं त्याच्याजवळ. किल्ल्यावरची मातीची चित्रं तेवढी चौघांची. पुठ्ठ्याच्या एका खोक्यात लाकडाच्या भुशात घालून ती वर्षभर माळ्यावर असायची, आणि दिवाळीच्या सुट्टीत खोकं खाली उतरवताना आम्ही चौघंही शिडीखाली उभे असायचो.

दरवर्षी वडील प्रत्येकाला एक चित्र घेण्यापुरते पैसे द्यायचे. एकच. राजवाड्यासमोर कुंभार पथाऱ्या मांडून बसायचे. सिंहासनावरचे महाराज, भालदार-चोपदार, तोफा, वाघ, हरणं, डोक्यावर घागरी घेतलेल्या गवळणी, बैलगाडी, पाटा-वरवंट्यापाशी बसलेली बाई. आतून पोकळ, वरून लाल-पिवळ्या रंगाने रंगवलेली. हातात घेतलं की रंग बोटांना लागायचा. मी दरवर्षी तासभर फिरायचो आणि शेवटी तोफच घ्यायचो. छोटू पहिल्या पथारीवर जे पहिलं दिसेल ते उचलायचा. १९६७च्या दिवाळीत त्याने उचलला एक साधा मावळा. लाल पगडी, पिवळा अंगरखा, एका हातात ढाल आणि दुसरा हात वर उगारलेला. तलवार घडवायची बहुधा कुंभाराच्या हातून राहून गेली होती, कारण मूठ होती पण तलवार नव्हती. दादा त्याला खूप बोलला. छोटू पाच वर्षांचा होता. मावळा छातीशी धरून तो घरापर्यंत गप्प चालत आला.

त्या दिवाळीनंतर महिन्याभराने, ११ डिसेंबरला पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. आम्ही सगळे अंथरुणातून उठून अंगणात. भांडी मांडणीवरून खाली येत होती, तो आवाज अजून कानात आहे. उजाडल्यावर आत गेलो तर माळ्यावरचं खोकं जमिनीवर उपडं पडलेलं. महाराज, सिंहासन, माझ्या तीन तोफा, सगळ्यांचा चुरा. दादाने भुसा बाजूला केला तेव्हा तळाशी छोटूचा मावळा निघाला. पगडीचा टवका उडाला होता, बाकी धड.

अक्का तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या वर्गात बाईंनी नुकताच साताऱ्याच्या वेढ्याचा इतिहास सांगितला होता. औरंगजेब स्वतः चालून आला होता, पलीकडे करंज्याला त्याची छावणी होती, आणि वर अजिंक्यतारा किल्ल्यात प्रयागजी प्रभू मूठभर लोक घेऊन महिनोन्‌महिने लढत होता. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिला उडाला आणि तट आत कोसळला, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडला गेला. लोकांनी उकरून काढला तर माणूस जिवंत! दुसरा सुरुंग उडाला तो बाहेरच्या बाजूला, आणि चढून येणारे मोगलच त्याखाली सापडले. पुढे राजाराम महाराज गेल्याची बातमी आली, दाणागोटा सरला आणि किल्ला द्यावा लागला, ते निराळं. अक्काने मावळा हातात घेतला, फुंकर मारून भुसा झटकला आणि म्हणाली, "हा तर आपला प्रयागजी!"

तेव्हापासून तो प्रयागजी.

पुढच्या दिवाळीत किल्ला झाला तो त्याच्यासाठीच. त्या वर्षी कामं वाटली गेली ती कायमची. दादा गवंडी. खाली विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यावर जुनी गोणपाटं पातळ चिखलात बुचकळून टाकायची. चुण्या पडतात ना, त्याच डोंगराच्या सोंडा आणि घळी. मग वरून चाळलेल्या मातीचा हात. बुरूज म्हणजे पत्र्याच्या डब्यात ओली माती ठासून पालथा घातलेला डबा. तटाला जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, खराट्याच्या काडीने पाडायच्या, आणि काडी तिरकी खाली रोखून, कारण शत्रू खालून येतो. दादाचं आणखी एक होतं, मोठी चित्रं पायथ्याशी आणि लहान वर. मग किल्ला खरंच उंच दिसतो. मला माझी मोठी तोफ बालेकिल्ल्यावर हवी असायची, त्यावरून दरवर्षी जुंपायची. एकदा मी रागाने पायऱ्याच मोडल्या होत्या. त्याने काही न बोलता रात्री कंदील घेऊन त्या परत कोरल्या. सकाळी उठून बघतो तर तोफ वर, बालेकिल्ल्यावर.

हिरवळ अक्काकडे. ती मोहरी पेरू द्यायची नाही. मोहरी उतारावरून घरंगळते, पाणी शिंपडलं की सगळी पायथ्याला गोळा होते. हळीव भिजला की बुळबुळीत होऊन मातीला धरून राहतो, कड्यावरसुद्धा. दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्याच्या आत डोंगर हिरवागार. पाणी मात्र बोटांनी शिंपडायचं, ओतायचं नाही. तुझ्या धाकटीला हे काम दे, तिचे हात हलके आहेत.

दारूगोळा माझ्याकडे. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही बुरुजाला पोखरून आत लवंगी फटाका बसवायचो, वर प्रयागजीला उभं करायचं, आणि लांब वात लावून सगळे तुळशीमागे. बुरूज बसला की धूर विरायच्या आत छोटू धावायचा. उकरायचा हक्क फक्त त्याचा, कारण त्याचे हात सगळ्यात लहान. खुरपं नाही, काटकी नाही, नुसती बोटं. आम्ही तिघं भोवती उभे राहून ओरडायचो, "प्रयागजी सापडला का?" आणि तो हात वर करून, "सापडला! जिवंत आहे!"

संध्याकाळी अक्का आम्हा तिघांना ओवाळायची. चौथा पाट प्रयागजीचा. छोट्या वाटीवर तो उभा, आणि अक्का त्याच्या कपाळाला करंगळीने कुंकू लावायची. छोटू त्याच्या वतीने ओवाळणी घालायचा, चिंचोका. आई सुरुवातीला हसली, मग पाटाभोवती रांगोळीही काढायला लागली.

आता माझी चूक सांगतो. हे तुला मी कधी सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. मी बारा वर्षांचा होतो. मला लवंगी पुरेनाशी झाली होती. त्या भाऊबीजेला मी कुणाला न सांगता आत सुतळी बॉम्ब बसवला. एवढा आवाज झाला की शेजारचे बाहेर आले. बुरूज, तट, अर्धा डोंगर अंगणभर. छोटू नेहमीसारखा धावला आणि उकरत राहिला. आम्ही विचारायचं थांबलो. दिवेलागण झाली, अक्काने कंदील आणून त्याच्याजवळ ठेवला. शेवटी त्याने प्रयागजीला काढलं. उगारलेला हात खांद्यापासून गेला होता. तो म्हणाला, "जिवंत आहे. हात नाही." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार दिवस बोलला नाही. आई विचारत होती काय झालं, त्याने माझं नाव सांगितलं नाही. दादानेही नाही, अक्कानेही नाही. मला मार बसला असता तर बरं वाटलं असतं, असं त्या चार रात्री वाटत होतं.

हात चैत्रात सापडला. आईने तुळशीची माती बदलली, त्यात. करंगळीच्या पेराएवढा. मी धुऊन छोटूकडे नेला, डिंकही घेऊन गेलो. त्याने हात घेतला आणि रिकाम्या काडेपेटीत ठेवला. म्हणाला, "चिकटवायचा नाही. लढाईत गेलाय तो." मग मला म्हणाला, "चल, गोट्या खेळू."

किल्ले पुढे थांबले. अक्काचं लग्न झालं, दादा नोकरीला मुंबईला, मी बँकेत. पण भाऊबीजेला जिथे असू तिथे एकमेकांना तेच विचारायचो, आधी पत्रातून, मग फोनवर. छोटूच्या मुलाचा अपघात झाला तेव्हा दादाने त्याला तेच विचारलं. मी भुवनेश्वरला आजारी पडलो होतो तेव्हा अक्काची तार आली होती, तिच्यात तेवढेच तीन शब्द होते. तार बाबू म्हणाला, मजकूर चुकलाय बहुतेक. मी म्हटलं, बरोबर आहे.

तुला आणि तुझ्या भावाला मी हे दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. दर तीन वर्षांनी बदली, वरच्या मजल्यावरचं क्वार्टर, खाली सिमेंट. तुम्ही दोघांनी एकदा गच्चीवर कुंडीतली माती काढून बुरूज केला होता, आठवतं? मी ऑफिसातून आलो आणि पसारा बघून रागावलो. तुझा भाऊ केरसुणी घेऊन मुकाट्याने झाडायला लागला, तू त्याला सुपली धरून देत होतीस. त्या वेळी मला माझ्याच अंगणाची आठवण यायला हवी होती. आली नाही. आता येते.

म्हणून दोघांना दोन नकोत. भांडू देत. पायऱ्या मोडू देत. थोरल्याला सांग, जुन्या विटा, दगड आणि एक पत्र्याचा डबा जमवून ठेव. बाल्कनीत खाली प्लास्टिक अंथरू, जावईबापूंना म्हणावं फरशीची काळजी करू नका, मी धुऊन देईन. हळीव वाण्याकडे मिळतील, पन्नास ग्रॅम पुष्कळ होतात. मी स्वारगेटच्या विनाथांब्याने येतोय. लाल माती इथूनच आणतो, अर्धं पोतं. फटाका लावायचा नाही, थोरला बुरूज हाताने पाडेल. उकरायचं मात्र धाकटीनेच.

आणि प्रयागजीला आणतोय. छोटू अक्काच्या वर्षश्राद्धाला आला होता तेव्हा त्याने तो माझ्याकडे दिला, काडेपेटीसकट. पिवळा अंगरखा पार उडालाय, माती दिसते. पगडीचा टवका आहे तसाच. कपाळावर मात्र कुंकवाचा जाड थर बसलाय, वर्षावर वर्षं, वाळून काळपट लाल. अक्काला जाऊन सहा वर्षं झाली. त्यावर शेवटचं बोट तिचंच.

मुलं त्याला नळाखाली धुवायला निघतील. तेवढं त्यांना अडव. धाकटीला भाऊबीजेला त्याला ओवाळायचं असलं तर ओवाळू दे, कुंकू त्या जुन्या थरावरच लावू दे.

बाकी सर्व ठीक. तुझ्या आईने चिवड्याचे पोहे उन्हात घातलेत.

तुझे,
बाबा