खोकं उघडा, दांड्या हलवा, मग पैसे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला की हार्डवेअरच्या दुकानांत यंत्रांवर सवलतीच्या पाट्या लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो, तरी मुलं विचारायची थांबत नाहीत. "सर, स्लायडिंग मायटर सॉ घ्यायचाय. कुठल्या कंपनीचा घेऊ?" कंपनी राहू दे, तू कापणार काय ते सांग, असं म्हटलं की पलीकडे बराच वेळ शांतता.

ज्यांचा या यंत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकूड आडवं कापायचं हे यंत्र. खालचं टेबल फिरवलं की तिरका कट मिळतो, वरचं डोकं, म्हणजे ब्लेड आणि मोटर, कलवलं की कडेला उतार येतो आणि दोन्ही एकदम केलं की कंपाउंड कट. स्लायडिंगमध्ये हे डोकं दांड्यांवर पुढे-मागे सरकतं, म्हणून रुंद फळी कापता येते. त्या सरकण्याचे पैसे मात्र चांगलेच मोजावे लागतात. म्हणून ते सरकणं आपल्याला लागणार आहे का, हे आधी पाहावं.

दहा इंची, म्हणजे २५५ मिमी ब्लेडचं साधं यंत्र जेमतेम पाच इंच रुंद लाकूड कापतं. त्याच ब्लेडचं स्लायडिंग बारा इंचांच्या आसपास जातं. चार बाय अडीच इंचांची सागवानी चौकट, बीडिंग, फोटोफ्रेमची पट्टी एवढंच काम असेल तर साधं यंत्र आयुष्यभर पुरेल. पाच बाय तीनच्या चौकटीला ते अडायला लागतं. जिन्याच्या पायऱ्या, कपाटाच्या फळ्या, आमच्या कोकणातलं फणसाचं रुंद लाकूड यांना स्लायडिंगच हवं. आणि आठ बाय चार फुटांचा प्लाय यावर उभा कापायचा बेत असेल, तर ते पैसे टेबल सॉसाठी, म्हणजे टेबलातून ब्लेड वर आलेल्या यंत्रासाठी ठेवावेत.

खोक्यावर ठळक छापलेलं माप काटकोनातल्या कटाचं असतं. टेबल ४५ अंशांवर फिरवलं की बारा इंचांचे साडेआठच उरतात. डोकं कलवल्यावर जाडीही कमी होते. हे आकडे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत असतात, ते दुकानातच काढून वाचायचे. दुकानदार मात्र लेझर लावून दाखवतो. लाकडावर लाल रेघ उमटली की गिऱ्हाईक खूश. लेझर हलतो, पुन्हा जुळवावा लागतो. त्यापेक्षा काही यंत्रांत ब्लेडच्या वर छोटा दिवा असतो, ब्लेडची सावलीच लाकडावर पडते. ती जुळवावी लागत नाही, कारण जिथे ब्लेड तिथेच सावली.

खरी परीक्षा दांड्यांची. डोकं पूर्ण पुढे ओढायचं, मुठीला धरायचं आणि हलकेच डावीकडे-उजवीकडे दाबायचं. हाताला जो ढिलेपणा जाणवतो तो कटात उतरतो. मग दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी काटकोनात कापायची, एक तुकडा पालथा करायचा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडं एकमेकांना भिडवायची. मध्ये फट दिसली तर यंत्राची चूक त्या फटीच्या निम्मी. मोजायला गुण्याही (काटकोन तपासायचं अवजार) लागत नाही. अर्ध्या अंशाने काय बिघडतं, असं म्हणणाऱ्याने एक फोटोफ्रेम करून पाहावी. चार कोपरे, आठ कट. प्रत्येक कटात अर्धा अंश चुकला तर तीन कोपरे जुळवून चौथ्यावर येईपर्यंत चार अंशांची फट पडते, आणि तिच्यात फेव्हिकॉल-भुशाची लांबी (पुट्टी) भरत बसावं लागतं.

जागेचा विचार तर कुणीच करत नाही. बहुतेक स्लायडिंग यंत्रांच्या दांड्या मागे बाहेर येतात, म्हणजे भिंतीपासून फूटभर जागा मोकळी हवी. दहा बाय बाराच्या गाळ्यात तो फूट कुठून आणायचा? बॉशच्या काही मॉडेलांत दांड्यांऐवजी घडीचा हात आहे, मकिताच्या काहींत डोकंच दांड्यांवर पुढे-मागे जातं आणि दांड्या जागच्या जागी राहतात. ही यंत्रं भिंतीलगत बसतात. महाग आहेत, पण गाळ्याचं भाडं फुटावर भरणाऱ्याला हिशोब कळेल.

ब्लेडबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. टेबल सॉचं, दात पुढे झुकलेलं ब्लेड स्लायडिंगला चढवू नका. ते लाकडावर चढतं आणि डोकं अंगावर ओढून आणतं. इथे दात जवळपास सरळ किंवा किंचित मागे कललेले हवेत. स्वच्छ कटाला दहा इंची ब्लेडवर साठ ते ऐंशी दात चांगले. मधलं भोक २५.४ मिमीचं आहे की ३० चं, तेही बघून घ्या, नाहीतर वॉशर ठोकून बसवलेलं ब्लेड थरथरत फिरतं. कापताना डोकं आधी पुढे ओढायचं, मोटर चालू करून ब्लेड खाली उतरवायचं आणि मग मागे ढकलत कापायचं. मोबाइलवरच्या व्हिडिओंत कितीतरी जण ब्लेड लाकडात घालून स्वतःकडे ओढताना दिसतात. ते पाहून माझ्याच पोटात गोळा येतो. हातमोजे घालून तर मुळीच कापू नका, ब्लेड कापडासकट बोटं आत घेतं.

इकडे पावसाळ्यात दांड्यांवर गंज धरतो. त्यावर लोक तेल चोपडतात, भुसा चिकटतो आणि डोकं अडकत-अडकत सरकतं. कोरड्या फडक्याने रोज पुसणं एवढंच पुष्कळ, बाकी मॅन्युअल सांगेल ते. दीड-दोन हजार वॉटचं यंत्र पंख्याच्या वायरचं एक्स्टेन्शन लावून चालवू नये. व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि मग कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात. वायर किमान २.५ चौरस मिमीची हवी, अर्थिंग खरं हवं. मोटरचे कार्बन आणि आर्मेचर हे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, ही चौकशीही खरेदीच्या आधीची.

यंत्राला लावलेल्या पिशवीत थोडाच भुसा जातो, बाकीचा हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. सवलतीत टी-शर्ट फुकट देणाऱ्या दुकानांनी त्याऐवजी बरा मास्क दिला तर बिघडणार नाही.

हे सगळं वर्तमानपत्रात लिहिण्याचं कारण वेगळं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारही आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते, पण तेवढ्यात बरं स्लायडिंग येत नाही. मग पोरं त्याच योजनेतलं ५ टक्के व्याजाचं कर्ज यात घालतात. कर्जाचा पहिला टप्पा एक लाखापर्यंतचा असतो, त्यातला मोठा वाटा एका यंत्रात जातो. अशा वेळी माझ्या एका विद्यार्थ्याला दुकानदाराने खोकं उघडायलाही नकार दिला. "सील तुटलं की माल जुना होतो," म्हणे. भाजीवाला भेंडी मोडून बघू देतो, आणि इथे कर्जाच्या पैशांचं यंत्र झाकलेलं घ्यायचं!

यंत्रविक्रेत्यांना माझी विनंती साधी आहे. जी यंत्रं खपतात त्यातलं एकेक बाकाला बोल्ट करून, वीजजोडणी देऊन दुकानात ठेवावं. ४५ अंशांवर किती रुंदी आणि कलवल्यावर किती जाडी कापते, हे मराठीत लिहून वर चिकटवावं. विश्वकर्माच्या प्रशिक्षणातही एक दिवस यंत्र निवडण्यासाठी आणि पारखण्यासाठी द्यावा, आम्ही निवृत्त निदेशक तो मानधनाशिवाय घेऊ. दुकानात कापायला लागणारी फळी गिऱ्हाईक स्वतः घेऊन येईल.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (सुतारकाम), चिपळूण