पाच नोव्हेंबरचं मत

सेंट पॉल, मिनेसोटा
२० ऑक्टोबर २०१९

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. फराळाचं फोनवर बोललोच, त्यामुळे आज थेट मुद्द्यावर येते. ५ नोव्हेंबरला इथे मतदान आहे आणि त्यात एक प्रश्न कचऱ्याचा आहे: शहराने गेल्या वर्षी सुरू केलेली कचरा उचलायची व्यवस्था चालू ठेवायची का, हो की नाही. नागरिकत्व मिळाल्यावर शहराच्या निवडणुकीत माझं हे पहिलंच मत. गेले काही आठवडे गल्लीत दुसरा विषय नाही. समोरासमोरच्या अंगणांत ‘हो’ आणि ‘नाही’च्या पाट्या रोवल्यात, आणि एरवी एकमेकांची कुत्री सांभाळणारी माणसं नजर चुकवून चालतात.

तुला पुण्यात बसून खरं वाटणार नाही, पण गेल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपर्यंत घरोघरचा कचरा उचलायची व्यवस्था शहर करतच नव्हतं. ज्याने त्याने आपला कंत्राटदार शोधायचा. आमच्या मागच्या अरुंद गल्लीत आठवडाभर वेगवेगळ्या कंपन्यांचे अवजड ट्रक यायचे, प्रत्येक जण दोन-चार घरांपुरता. शेजारच्या दोन घरांचा डबा तेवढाच, पण बिल वेगळं. ज्याला घासाघीस जमली त्याला स्वस्त. आणि ज्यांनी कोणालाच लावलं नव्हतं, त्यांच्या गाद्या नि सोफे रात्रीतून गल्लीच्या टोकाला येऊन पडायचे. ट्रक कोणाचाही असो, कचरा जातो न्यूपोर्टच्या एकाच सरकारी कारखान्यात; मग त्यासाठी इतक्या गाड्या कशाला? पुनर्वापराचा कागद-काच-प्लास्टिक तर कित्येक वर्षं युरेका ही एकच ना-नफा संस्था सगळ्या शहरातून उचलते, त्यावर कोणी भांडत नाही. नदीपलीकडच्या मिनियापोलिसने तर १९७१ पासूनच अर्धं शहर पालिकेच्या कामगारांकडे आणि अर्धं कंत्राटदारांच्या संघाकडे दिलंय.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आमच्या नगर परिषदेने कंत्राटदारांच्या गटाशी पाच वर्षांचा करार केला. एक ते चार बिऱ्हाडांच्या सगळ्या इमारती त्यात आल्या. राज्याचा कायदाच असा आहे की, आधीपासून कचरा उचलणाऱ्यांशी आधी बोलणी करायची, म्हणून गल्ल्या त्यांच्यातच वाटून दिल्या. ऐकायला न्याय्य वाटतं. पण वर्ष सरायच्या आत त्यातल्या कितीतरी छोट्यांनी आपला वाटा मोठ्या कंपन्यांना विकून टाकला. बाप-लेकांनी चालवलेले ट्रक गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिडलेल्या लोकांचं म्हणणंही मला पटतं, सगळं नाही, पण बरंचसं. दर बिऱ्हाडाला स्वतंत्र डबा सक्तीचा. शेजाऱ्याबरोबर एक डबा वाटून घ्यायला बंदी. आमच्या कोपऱ्यावरच्या आजी एकट्या राहतात, महिन्याला जेमतेम एक पिशवी कचरा. इतकी वर्षं ती त्या शेजाऱ्यांच्या डब्यात टाकायच्या आणि बदल्यात त्यांना टोमॅटो द्यायच्या. आता सगळ्यात लहान डबा पंधरवड्यातून एकदा घेतला तरी बिल येतंच, आणि थकवलं तर ते घरपट्टीवर चढतं. जी बाई आयुष्यभर कमी कचरा करत आली, तिलाच हा दंड!

विरोधकांनी सहा हजारांवर सह्या गोळा केल्या, तरी शहराने प्रश्न मतदानाला ठेवायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मतदान घ्या. हे फार चांगलं झालं. सह्या नियमाने केल्यात तर लोकांना विचारायलाच हवं होतं. आता महापौर मेल्विन कार्टर म्हणतात की ‘नाही’ जिंकलं तरी करार उरतोच, आणि त्याचे सुमारे २.७ कोटी डॉलर घरपट्टीतून भरावे लागतील. लोकांना हे धमकीसारखं लागलंय. मलाही लागलं.

तरीही मी ‘हो’च म्हणणार आहे. सांगते का. इथे मागच्या गल्ल्यांमधला बर्फ शहर काढत नाही. रहिवाशांनी वर्गणी जमवून माणूस लावायचा. आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षक करतात, दर शरद ऋतूत दारोदार फिरतात. दरवर्षी दोन घरं पैसे देत नाहीत आणि त्यांच्या दारासमोरचा बर्फही निघतोच. सगळ्यांनी वापरायच्या गोष्टीचा खर्च सगळ्यांवर नसला की तो सज्जनांवर पडतो. कचऱ्याचंही तेच.

आणि मला आपलं पुणं आठवतं. घंटागाड्या आणि ठेकेदार आले तेव्हा कचरावेचक बायकांच्या हातचं काम जाणार होतं. पण १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत त्या संघटित होत्या, म्हणून २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि दारोदारचा कचरा त्याच उचलू लागल्या. शहराने शिस्त लावली, पण आधीपासून राबणाऱ्यांना घरी बसवून नाही. इथे छोट्यांची अशी संघटना नव्हती, कायद्याने दिलेली जागा त्यांना टिकवता आली नाही. तुमच्या सोसायटीत ‘स्वच्छ’च्या ताईंना काढून ठेकेदार नेमायची चर्चा चालू आहे, असं तू म्हणालीस. कृपा करून सभेत उभी राहा आणि बोल. एकदा त्या गेल्या की परत येणार नाहीत.

निकाल काहीही लागो, मतदानानंतर आम्ही काही शेजारी मिळून नगरसेविकेकडे जाणार आहोत. मागणी एकच, डबा वाटून घ्यायची परवानगी द्या. आजींनीही यायचं कबूल केलंय, त्या मात्र ‘नाही’ला मत देणार आहेत. अर्जाचा मसुदा मी लिहितेय. वस्तीतल्या घरांना पुण्यात ‘स्वच्छ’चे पैसे कमी लावतात ना? ते नेमकं कसं ठरवतात, उरलेला भार कोण उचलतं, हे तुमच्या ताईंना विचारून सविस्तर कळव. पाच तारखेआधी मिळालं तर फार बरं.

काकूंना नमस्कार.

तुझी,
माधवी