बाळ्या, तुझी 3 प्रकरणं वाचली

चि. बाळ्यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पीडीएफ मिळाली. बाबांनी पण पहिलं प्रकरण उघडलं आणि म्हणाले भाषा छान आहे, म्हणजे मधेच डोळा लागला त्यांचा. मी मात्र खरं सांगणार, रागवायचं नाही. मी काही लेखिका नाही, पण 22 वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर बसलेय. परत आलेल्या कादंबरीत खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट तसंच राहिलेलं असतं ना, त्यावरनं मला कळतं माणूस कुठं कंटाळला. बहुतेकदा तिसाव्या-चाळिसाव्या पानाला, जिथं लेखक पणजोबांपासनं माहिती सांगत बसलेला असतो तिथं. तुझी तर पहिली 11 पानं वाड्याचा इतिहासच चाललाय, कुणाला काही नकोय, कुणाचं काही अडत नाही. बाराव्या पानावर धाकटा वाटणीचं बोलायला रात्रीच्या गाडीनं येतो, कडी वाजवतो आणि वहिनी आतनं विचारते जेवून आलात का, तिथनं सुरू कर की! मागचं येईल नंतर चिमटी चिमटीनं.

आता महापूर. "सगळीकडे हाहाकार माजला" म्हणे. अरे हा पेपरातला हाहाकार झाला, तू तर तेव्हा घरात होतास! 2019 चा ऑगस्ट, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फूट पाणी म्हणजे धोका, आणि पाणी 57 च्या वर गेलेलं. पण आपल्या गावभागात ते काय लाटा घेऊन दारातनं आलं का? आधी मोरीच्या जाळीतनं बुडबुड आवाज यायला लागला, मग काळं पाणी गुपचूप फरशीवर पसरलं, आणि आज्जी पायपुसणं घेऊन ते पुसत बसली, पिळायची, परत पुसायची, तू म्हणालास कुणीतरी थांबवा तिला आणि कुणीच थांबवलं नाही. हे लिही ना. फुटाचा आकडा फार तर एकदा कुणाच्या तरी तोंडी येऊ दे, "किती झालं?" "पन्नास गेलं." बास. त्या आठवड्यात सांगलीत दुसरं कोण काय विचारत होतं?

नजर पण सांभाळ. दुसरं प्रकरण वहिनीच्या नजरेनं चाललंय आणि मधेच थोरल्याच्या मनातलं कसं कळलं तिला? ती चुलीपाशी आहे, तिला त्याची पाठ दिसते फक्त.

सगळ्यात जास्त खटकलं ते भावांचं भांडण. "मला लहानपणापासून दुय्यम वागणूक मिळाली", असं कोण बोलतं रे घरात? तुझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला जायचे तेव्हा टॉवेलाखाली हातात हात असायचा, बोटं दाबून भाव ठरायचा, आणि वर तोंडानं काय, तर पाऊस कसाय तुमच्याकडं, लेकीचं जमलं का. मी लहान सून, बाजूला उभी राहून बघायचे, कळायचं काहीच नाही पण नजर हलायची नाही. संवाद असा पाहिजे बघ. भाव टॉवेलाखालीच राहू दे. दोघांना वाटणीचा शब्दच काढू देऊ नकोस, तांब्याच्या बंबावरनं भांडू दे, कुणी घासला, कुणी तोटी बदलली, कुणाच्या लग्नात पाणी तापवलं. धाकट्याला बंब नकोच आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळेल, तू मधे येऊन सांगायचं नाही.

आणि हो, तात्या सांगलीचा असून पुणेरी का बोलतो? एखादं "काय करायलाय" टाकलं तरी पुरे, पानभर गावरान नको, लोक दमतात.

कुरियरनं भडंग पाठवलंय, रूमवरच्या पोरांना पण दे. चौथं प्रकरण प्रिंट काढून पाठव, मोबाईलवर माझे डोळे चुरचुरतात. फक्त बंबाचं लिहिलंस तर ते प्रकरण काकाला दाखवू नकोस हं, आपला अजून त्यांच्याकडंच आहे.

तुझी,
आई